वारंवार विचारले जाणारे प्रश्न : म्हातारपणाचे हजार, पंधराशे आणि 21,000 ची अट

दर शनिवारी सकाळी सोलापूरच्या पूर्व भागात, आमच्या गल्लीतल्या देवळाच्या ओट्यावर मी फॉर्म भरून द्यायला बसतो. येणाऱ्यांत बायका जास्त, आणि त्यातही विडी कामगार जास्त. थोडे यंत्रमागावरचे. एखादी मिल कामगाराची विधवा येते, ती अजून वेळ सांगताना भोंग्याचा हिशेब करते. तेलुगू, कन्नड, उर्दू आणि मराठी एकाच वाक्यात चालतं. प्रश्न मात्र तेच तेच येतात, म्हणून एकदाचे लिहून काढले. काही माहितीचे आहेत, काही भांडणाचे. भांडणाच्या प्रश्नांना इथे जास्त जागा मिळाली आहे, कारण ओट्यावरही तसंच होतं.

एक गोष्ट आधीच सांगतो, नंतर कुणी काढायला नको. मी सरकारी नोकरीतून लिपिक म्हणून निवृत्त झालो आणि मला जुनी पेन्शन आहे. माझी आई आयुष्यभर विड्या वळत होती.

पेन्शन, पेन्शन म्हणतात ती नेमकी कोणती?

दोन वेगळ्या गोष्टींना आपल्याकडे एकच शब्द वापरतात आणि तिथेच घोळ सुरू होतो. एक पीएफची पेन्शन. तिचं नाव कर्मचारी पेन्शन योजना, 1995. ती केंद्राची, पीएफ ऑफिसातून येते, आणि तुमच्या मजुरीवर मालकाने भरलेल्या पैशातून येते. दुसरा आपण म्हणतो तो ‘निराधारचा पगार’, म्हणजे संजय गांधी निराधार किंवा श्रावणबाळ योजनेचं अनुदान. ते तहसीलमधून मंजूर होतं आणि सरकारच्या तिजोरीतून येतं. पहिली कमाईची, दुसरा मदतीचा. वाद घालताना लोक पहिलीला दुसऱ्यासारखं वागवतात. म्हणे, ‘सरकार तुम्हाला फुकट हजार रुपये देतंय.’ फुकट नाही. त्यातला बराचसा भाग त्या बाईच्या बोटांनी आधीच भरलेला आहे.

तीस वर्षं विड्या वळल्या, तरी पीएफची पेन्शन हजारच का?

आधी हे सांगतो की घरी बसून विड्या वळणाऱ्या बाईला पीएफ लागू आहे की नाही, यावरच मोठा वाद झाला होता. मालकांचं म्हणणं, या आमच्या कामगारच नाहीत, पान-तंबाखू घेऊन जातात आणि माल आणून देतात. 1985 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की घरी वळली तरी ती कामगारच. जो कारखाना तिच्या विड्या तपासून छाट, म्हणजे नाकारलेल्या विड्या, बाजूला काढतो, त्याला ‘ती माझी कोणी नाही’ म्हणता येत नाही.

आता हिशेब. विडी उद्योगात पीएफची वर्गणी 12 टक्के नाही, 10 टक्के आहे. मालकाच्या त्या दहातले 8.33 टक्के पेन्शन फंडात जातात, उरलेले पीएफमध्ये. केंद्र सरकार पेन्शन फंडात 1.16 टक्के घालतं. पेन्शन काढायचं सूत्र असं : पेन्शनसाठी धरलेला पगार गुणिले नोकरीची वर्षं, भागिले 70. समजा महिन्याची मजुरी 3,000 धरली गेली आणि 19 वर्षं भरली. तीन हजार गुणिले एकोणीस म्हणजे सत्तावन्न हजार, भागिले सत्तर म्हणजे 814 रुपये. सप्टेंबर 2014 पासून किमान पेन्शन 1,000 ठरली, म्हणून वरचे 186 सरकार घालतं. फुकटचे म्हणायचेच असतील तर एवढे म्हणा.

मग ‘तीस वर्षं वळल्या’ त्याचं काय झालं? दोन गोष्टी झाल्या. ही योजना 16 नोव्हेंबर 1995 ला सुरू झाली, त्याआधीच्या वर्षांचा हिशेब 1971 च्या जुन्या कुटुंब पेन्शन योजनेतून येतो आणि त्याची रक्कम अगदीच तुटपुंजी असते. दुसरी गोष्ट जास्त दुखणारी आहे. मुलीचं लग्न निघालं, नाहीतर घरावर पत्रे घालायचे होते. बाईने काम सोडल्याचं दाखवून फंड काढला, त्यासोबत पेन्शनचेही पैसे काढले, आणि सहा महिन्यांनी दुसऱ्या ब्रँचला, म्हणजे विडी कारखान्याच्या दुसऱ्या शाखेत, नव्या पीएफ नंबरावर काम धरलं. पेन्शनचे पैसे काढले की तितकी वर्षं पुसली जातात. किमान 10 वर्षं भरल्याशिवाय महिन्याची पेन्शन बसत नाही. नऊ वर्षं इथं, आठ वर्षं तिथं अशा कितीतरी जणी मी पाहिल्या. वर्षं सतरा, पेन्शन शून्य.

माझ्या खात्यात हजारसुद्धा पूर्ण येत नाहीत. कोण खातंय?

बहुतेक वेळा कोणी खात नाही. 2008 पर्यंत पेन्शनचा तिसरा हिस्सा एकरकमी उचलायची सोय होती. तो ज्यांनी उचलला, त्यांची महिन्याची रक्कम कमी झाली. 25 सप्टेंबर 2008 पर्यंत ज्यांनी असं घेतलं, त्यांना घेतल्यापासून 15 वर्षं झाली की पूर्ण पेन्शन परत सुरू व्हायला हवी. केंद्राने 2020 मध्ये तसा बदल केला. कागद शोधा, तारीख बघा, आणि 15 वर्षं उलटली असतील तर अर्ज करा. 50 ते 58 च्या मधे लवकर पेन्शन घेतली असेल तर दर वर्षामागे 4 टक्के कपात होते, ती मात्र कायमची.

ते ‘हायर पेन्शन’, म्हणजे पूर्ण पगारावरची वाढीव पेन्शन, आम्हाला मिळेल काय?

नाही. नोव्हेंबर 2022 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल ज्यांचा पगार मर्यादेच्या वर होता त्यांच्यासाठी आहे. ती मर्यादा 15,000. विडी वळणाऱ्यांची मजुरी तिथवर कधी पोचली?

7,500 ची मागणी जरा जास्तच नाही का?

हा प्रश्न बहुधा पेन्शन नसलेला माणूस विचारत नाही, चांगली पेन्शन असलेला विचारतो. माझ्या बरोबरचे निवृत्त मित्र विचारतात.

देशभरात या योजनेचे सुमारे 80 लाख पेन्शनर आहेत आणि त्यांच्या संघटना किमान 7,500 अधिक महागाई भत्ता मागतात. आता तेच सूत्र घ्या : 15,000 पगारावर पूर्ण 35 वर्षं धरली गेली तर 15,000 गुणिले 35 भागिले 70. उत्तर बरोबर 7,500. म्हणजे आज मर्यादेइतक्या पगारावर एक दिवस खंड न पाडता जवळपास 35 वर्षं भरणाऱ्याला जे मिळेल, ते किमान म्हणून सगळ्यांना द्या, अशी ही मागणी आहे. विरोध करणाऱ्यांचा हा मुद्दा मला पटतो, की मग जास्त भरणारा आणि कमी भरणारा सारखेच होतील आणि फंडाला ते झेपणार नाही. हिशेबात ते खरं आहे.

पण त्याचं उत्तर 7,500 नको म्हणून 1,000 च ठेवा, हे कसं होऊ शकतं? 2013 मध्ये भगतसिंह कोश्यारी यांच्या अध्यक्षतेखालच्या राज्यसभेच्या समितीने किमान 3,000 करा असं सुचवलं होतं. झाले 1,000. आणि तेही 2014 पासून तिथेच आहेत. मला मिळणाऱ्या पेन्शनला वर्षातून दोनदा महागाई भत्त्याचा टेकू मिळतो. या पेन्शनला महागाई माहीतच नाही. माझं मत विचाराल तर आकडा किती यापेक्षा तो महागाईशी बांधला जातो की नाही, यावर भांडायला हवं. पूनम गेटसमोर, आमच्या गावातल्या आंदोलनाच्या जागी, दर वर्षी नव्याने बसायची वेळ त्याने तरी टळेल.

निराधारचा पगार किती आणि कोणाला?

महिन्याला 1,500. 65 च्या आतल्या विधवा, परित्यक्ता, दिव्यांग, दुर्धर आजारी, निराधार यांना संजय गांधी योजनेतून. 65 आणि पुढे श्रावणबाळमधून. दिव्यांगांची रक्कम 2025 मध्ये 2,500 केली. अर्जाला वयाचा पुरावा, महाराष्ट्रात 15 वर्षं राहिल्याचा दाखला, आधार, रेशन कार्ड, बँक पासबुक आणि उत्पन्नाचा दाखला लागतो. दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव असेल तर श्रावणबाळच्या रकमेत केंद्राचेही पैसे मिसळलेले असतात. ते किती? 80 च्या आत महिन्याला 200, 80 च्या पुढे 500. केंद्राची वृद्ध पेन्शन 1995 मध्ये 75 रुपयांनी सुरू झाली. 2007 मध्ये तिला इंदिरा गांधींचं नाव दिलं तेव्हा 200 होते. आजही 200 च आहेत. उरलेलं राज्य भरतं.

21,000 ची अट म्हणजे काय? आणि ती एवढी चावते का?

या पानावरचा हाच खरा प्रश्न.

दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव नसेल तर, दिव्यांग सोडून बाकीच्यांना, घरचं वार्षिक उत्पन्न 21,000 च्या आत असल्याचा दाखला लागतो. वर्षाला 21,000 म्हणजे महिन्याला 1,750. घराचे, एका माणसाचे नव्हे. आता सोलापुरात असं घर दाखवा. सून विड्या वळते, मुलगा टॉवेलच्या कारखान्यात मागावर आहे, म्हातारी कडेला बसून पानं कापते. उपाशी कोणी नाही, पण महिनाअखेरीला किराणा उधारच असतो. हे घर कुठल्याही शहाण्या माणसाच्या दृष्टीने गरीबच आहे. दाखल्याच्या दृष्टीने ते श्रीमंत ठरतं, कारण सून एकटीच ती रेघ ओलांडते.

सरकार स्वतः देतं ते पंधराशे गुणिले बारा, वर्षाला 18,000. म्हणजे मदत 18,000 आणि गरिबीची मर्यादा 21,000. मदतीची रक्कम 600 वरून 1,000 झाली, 1,000 वरून 2023 मध्ये 1,500 झाली. मर्यादा मात्र जागची हलली नाही. दर वेळी रक्कम वाढल्याची बातमी मोठी येते. मर्यादा न वाढल्याची बातमी होतच नाही.

याचा परिणाम असा की दाखला खरा असू शकत नाही. अर्जदाराला माहीत आहे, दाखला लिहिणाऱ्याला माहीत आहे, मंजूर करणाऱ्यालाही माहीत आहे. सगळे मिळून एक आकडा लिहितात. ज्याला तो आकडा लिहून घेता येतो, त्याला पगार चालू होतो. ज्याला येत नाही तो राहतो. आणि मग वर्तमानपत्रात ‘बोगस लाभार्थी’ म्हणून ओरड होते. अटच अशी घातली आहे की खरं बोलणारा बाहेर पडावा.

आमच्या गल्लीत एक अक्का आहेत. सत्तरी ओलांडलेली. त्यांना घेऊन मी स्वतः एका कार्यालयात गेलो होतो. टेबलामागच्या माणसाने विचारलं, ‘मुलगा काय करतो?’ त्या म्हणाल्या, ‘मागावर हाय.’ अर्ज तिथेच बाजूला पडला. बाहेर आल्यावर दाराशी उभ्या असलेल्या एकाने सल्ला दिला, मुलगा बघत नाही असं लिहून द्या, होऊन जाईल. पुढच्या गल्लीतल्या एकीचं तसंच झालं होतं, तिला पगार चालू आहे. मीही मान डोलावली, खोटं कशाला सांगू. अक्कांनी माझ्याकडे असं बघितलं की मला घाम फुटला. म्हणाल्या, ‘पोरगा बघत नाही म्हणून कसं लिहू ओ? रोज माझं ताट वाढूनच कामाला जातोय.’

त्यांना आजही पगार नाही.

लाडकी बहीण मिळत होती, 65 झाल्यावर बंद झाली. आता?

आता श्रावणबाळचा अर्ज करायचा. आणि इथेच वरच्या अटीची गंमत कळते. जुलै 2024 पासूनच्या लाडकी बहीण योजनेत वय 21 ते 65, रक्कम तीच 1,500, आणि कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. पिवळं किंवा केशरी रेशन कार्ड असलं तर उत्पन्नाचा दाखलासुद्धा मागत नाहीत. तीच बाई, तेच घर, तीच चूल. चौसष्टाव्या वर्षी अडीच लाखांपर्यंत गरीब, आणि पासष्टी ओलांडली की 21,000 पर्यंतच. वय वाढलं की माणूस बारापट श्रीमंत होतो, हे मला साठ वर्षं शिकूनही कळलं नव्हतं.

अजून एक मर्यादा मधेच आहे. मुख्यमंत्री वयोश्री योजनेत 65 च्या पुढच्यांना चष्मा, श्रवणयंत्र, काठी, गुडघ्याचा पट्टा यांसाठी एकदाच 3,000 मिळतात. तिथे उत्पन्न दोन लाखांपर्यंत चालतं. एकाच राज्याच्या तीन योजना, गरिबाच्या तीन व्याख्या. माझी मागणी साधी आहे : केशरी कार्ड जर सुनेला पुरतं तर सासूलाही पुरायला हवं. यासाठी नवा सर्व्हे नको, नवी समिती नको.

निराधारचे 1,500 घेणाऱ्या विधवेला लाडक्या बहिणीचे वेगळे मिळत नाहीत. हेही पुन्हा पुन्हा विचारतात, म्हणून लिहिलं.

पण या रेवड्या वाटून राज्य कर्जात बुडतंय, त्याचं काय?

हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नये. तिजोरी भरलेली नाही, आणि निवडणुकीच्या तोंडावर जाहीर झालेल्या योजनेकडे संशयाने बघणाऱ्याला मी मूर्ख म्हणणार नाही. कर आम्ही भरतो, असं जे म्हणतात त्यांना एवढंच सांगतो की साबण, बिस्किट, मोबाईलचं रिचार्ज यांवर विडीवालीही करच भरते. तिला त्याची पावती मिळत नाही, इतकंच.

पण एक फरक करा. संजय गांधी निराधार योजना 1980 ची आहे, अंतुले मुख्यमंत्री असतानाची. तेव्हापासून प्रत्येक पक्षाच्या सरकारने ती चालवली, कारण म्हातारपण कोणत्याच पक्षाचं नसतं. दिवसाला 50 रुपये होतात तिचे. त्यात रेवडी तरी किती येते, रेवणसिद्धेश्वराच्या जत्रेला जाऊन विचारा.

मुलं आहेत ना? मग सरकारने का सांभाळायचं?

कायदाही हेच म्हणतो, आधी मुलांनी. 2007 चा आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांचा चरितार्थ कायदा आहे. प्रांतांपुढे अर्ज करता येतो, वकील लावावा लागत नाही, महिन्याला 10,000 पर्यंत पोटगीचा आदेश होऊ शकतो. सांभाळण्याच्या अटीवर घर मुलाच्या नावे केलं आणि त्याने सांभाळलं नाही, तर ते बक्षीसपत्र रद्दही करून घेता येतं. हा कायदा ज्याच्या मुलाकडे देण्यासारखं आहे त्याच्या कामाचा. मागावर बारा तास उभं राहणाऱ्या पोरावर दावा लावून आईला काय मिळणार? आणि इतक्या वर्षांत ओट्यावर एकाही आईने मला हा अर्ज लिहायला सांगितलेला नाही. वडिलांनी दोनदा सांगितला. दोघांनीही नंतर मागे घेतला.

तुम्हाला जुनी पेन्शन आहे. तुम्ही आमच्या बाजूने कसं बोलता?

बरोबर विचारलंत. 1 नोव्हेंबर 2005 पासून लागलेल्यांना राज्यात जुनी पेन्शन नाही. मार्च 2023 मध्ये त्यांनी आठवडाभर संप केला, ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ अशा टोप्या घालून. त्यांची मागणी मला पटते. पण त्या आठवड्यात एक विडी कामगार बाई कामासाठी आली, कार्यालय बंद बघून परत ओट्यावर आली आणि म्हणाली, ‘तुमच्या पेन्शनसाठी माझी पेन्शन थांबली की ओ मास्तर.’ मी मास्तर नाही. पण बाकी वाक्य चुकीचं नव्हतं. आम्ही सरकारी लोक आमच्यापुरते भांडलो आणि जिंकलो तरी आमच्यापुरतेच जिंकलो. मिलच्या काळात या गावात गिरणीवाले आणि विडीवाल्या एका मोर्चात चालायच्या, असं आई सांगायची.

बोटांचे ठसे उमटत नाहीत. हयातीचा दाखला कसा देऊ?

पानं चोळून चोळून बोटं गुळगुळीत होतात, तुमची चूक नाही. मोबाईलवर चेहरा दाखवून दाखला देता येतो, 2021 पासून सोय आहे. नातवाला सांगा. उजेडात बसा, चष्मा काढा, डोळे मिचकवा म्हटलं की मिचकवा. पोस्टमनही घरी येऊन करून देतो. पीएफच्या पेन्शनला नोव्हेंबरचीच वाट बघायला नको, वर्षात कधीही द्या, दिल्यापासून एक वर्ष चालतो.

आधारवर एक नाव, पीएफला दुसरं. काय करायचं?

लग्नाआधी नरसम्मा, कारखान्याच्या वहीत नरसव्वा, आधारवर नरसुबाई. आडनावाचं स्पेलिंग तिन्हीकडे वेगळं, आणि जन्मतारीख 1 जानेवारी, कारण आधार काढणाऱ्याला तीच सोपी होती. आधी आधार आणि बँक एक करा, मग पीएफला दुरुस्तीचा अर्ज द्या. त्यावर बहुतेक वेळा मालकाची सही लागते, म्हणून ब्रँच चालू आहे तोवर हे काम उरका. कारखाना बंद पडल्यावर सही कोणाची आणणार? दर महिन्याच्या 27 तारखेला पीएफवाले ‘निधी आपके निकट’ शिबिर घेतात, तिथे सगळे कागद घेऊन जा.

पगार दोन महिने आला नाही.

डिसेंबर 2024 पासून निराधारचे पैसे आधारला जोडलेल्या खात्यात थेट येतात. तुम्ही जुनं पासबुक भरून बघता आणि पैसे भलत्याच बँकेत पडलेले असतात, बचत गटासाठी कधीतरी उघडलेल्या खात्यात. आधारला कोणतं खातं जोडलंय ते आधी बघा. मग तहसीलला जा.

बाकी काय मिळतं?

75 च्या पुढे एसटीने राज्यात कुठेही फुकट, 65 ते 75 अर्धं तिकीट, बायकांना कोणत्याही वयात अर्धं. 70 झाले की आयुष्मान कार्डावर पाच लाखांपर्यंत उपचार, उत्पन्नाची अट नाही. बघा, जमतं की अटीशिवाय.

सुनेने आतापासून काय करावं?

पीएफचे पैसे काढताना पेन्शनचे काढू नयेत, एवढं पाळलं तरी पुष्कळ. वय 40 च्या आत असेल तर अटल पेन्शन घेता येते, 60 नंतर महिन्याला 1,000 ते 5,000. पण तेव्हाच्या हजारात काय येईल याचा विचार करून मोठा आकडा निवडा.

फॉर्म भरायचे किती घेता?

काही नाही. झेरॉक्स स्वतः काढून आणा, दोन-दोन प्रती. मंगळसूत्रासारखं कागद पिशवीत गुंडाळून आणू नका, घड्या पडून अक्षर जातं. अकराच्या आत या, नंतर ओट्यावर ऊन येतं. आणि अक्का आल्या तर त्यांना आधी बसू द्या, त्यांचा अर्ज आम्ही या महिन्यात पुन्हा टाकतोय, मुलगा मागावर आहे असंच लिहून.